आजीच्या पिशवीचा वास

मी खारी. राहायला पुण्यात कोथरूड, कर्वे पुतळ्यापासून आत गल्लीत, पाच मजली बिल्डिंग आहे जुनी, त्यात तिसरा मजला. घरात आई, बाबा, ताई, आणि दादा जो आता हैदराबादला नोकरीला असतो आणि सुट्टी मिळाली की येतो. रंग बेकरीतल्या खारीसारखा, फिकट आणि कडेला जरा जास्त भाजलेला, म्हणून हे नाव, दादानेच ठेवलेलं. रस्त्यात लोक थांबून विचारतात कुठली ब्रीड हो, तर बाबा सांगतात गावठी आहे आमची, आणि ते सांगताना पट्टा धरलेला हात जरा वर जातो त्यांचा, मला ते फार आवडतं. हे टाइप ताई करतेय. पण हुंगलेलं सगळं माझं आहे.

२०२२ च्या पावसाळ्यात मी सापडले. भाजीवाल्या मावशींच्या हातगाडीखाली, मेथीच्या ओल्या पोत्यावर, दीड-दोन महिन्यांची असेन. त्याच वर्षी मार्चमध्ये वनाझपासून मेट्रो सुरू झालेली, त्यामुळे आई कोणालाही सांगताना असंच सांगते की मेट्रो आली आणि पाठोपाठ खारी आली. त्या दिवशी आई कोथिंबीर घ्यायला गेली होती आणि कोथिंबीर तिथेच राहिली, ओढणीत मला गुंडाळून घरी आली. त्या ओढणीचा वास म्हणजे माझ्यासाठी आई. अजून ती कपाटात आहे, धुतलेली आहे कितीतरी वेळा, तरी मला येतो.

वासाचं जरा सांगते कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ताईने एकदा मोठ्याने वाचून दाखवलं होतं की माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाख असतात आणि कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. दादा म्हणाला बापरे. मला त्यात बापरे काही वाटलं नाही, मला एवढंच माहितीये की बाबा सकाळी हिंजवडीच्या बससाठी निघतात तेव्हा दाराशी त्यांचा वास दाट असतो, साबण, शेव्हिंग क्रीम आणि डब्यातली लसणाची चटणी, मग दुपारी तो पातळ होतो, संध्याकाळी अजून पातळ, आणि एका ठराविक पातळपणाला आला की मी उठून दारापाशी जाऊन बसते आणि पाच-दहा मिनिटांत लिफ्टचं दार वाजतं. आईला वाटतं मला घड्याळ कळतं. घड्याळ नाही कळत, बाबा कळतात.

आता येणारे-जाणारे. आमच्याकडे माणसं खूप येतात, आईचा स्वभावच तसा आहे. दूधवाले काका पहाटे, त्यांच्या पॅन्टला गोठ्याचा वास असतो तो मला फार जवळचा वाटतो का कोण जाणे. कामाला येणाऱ्या काकू, त्या आल्या की आधी माझ्या पाठीवर ओला हात फिरवतात आणि मग भांड्यांना लागतात. पार्सल घेऊन येणारी मुलं, यातली निम्मी घाबरतात, आणि त्यांना घाईही असते, त्यामुळे मी भुंकले की त्यांच्या घामाचा वास क्षणात बदलतो. हो, बदलतो. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत २०२२ मध्ये हे तपासलं होतं म्हणे, माणूस ताणाखाली असतानाचा घाम-श्वास आणि त्याआधीचा घाम-श्वास, कुत्र्यांनी दहातल्या नऊपेक्षा जास्त वेळा बरोबर ओळखलं. म्हणून पाहुण्यांना एक मनापासून सांगणं आहे, आत आल्यावर माझ्याकडे टक लावून बघू नका, हात वरून डोक्यावर आणू नका, सरळ सोफ्यावर बसा आणि दोन मिनिटं आईशी गप्पा मारा. तेवढ्यात मी येते, चप्पल हुंगते, गुडघा हुंगते, आणि मग तुम्ही आमच्या घरचे. ठाण्याची मावशी हे बरोबर करते. तिचा छोटा आधी शेपूट ओढायचा, आता पोळीचा तुकडा दोन बोटांत धरून बसतो आणि माझे दात लागू नयेत म्हणून डोळे मिटून घेतो.

दादा येतो ते वेगळंच. पहाटेची गाडी असते त्याची, गल्लीत रिक्षा वळली की मला कळतं आणि मी आईच्या अंगावरच उडी मारते, मग सगळं घर उठतं, चहा टाकला जातो. त्याच्या बॅगेला हैदराबादचे अनोळखी वास असतात, दुसऱ्या माणसांचे, दुसऱ्या जिन्याचे, एका मांजराचा पण असतो. ते मी पहिल्यांदा सगळे हुंगून घेते, मग तो माझा. रविवारी तो मला स्कूटरवर पुढे उभी करून वेताळ टेकडीला नेतो, तिथे घाणेरीच्या झुडपांतून मोरांचा वास येतो, खाणीच्या पाण्याशी रात्रभरात कोण कोण येऊन गेलं ते सगळं मातीत असतं, मी वाचत बसते आणि दादा थांबतो. ओढत नाही पट्टा. टेकडीवर पट्टा न ओढणारी माणसं फार कमी आहेत.

पण मला खरं तर आजीबद्दल सांगायचंय.

आजी म्हणजे बाबांची आई. माझी आई तिला आई म्हणते, त्यामुळे सुरुवातीला माझा गोंधळ व्हायचा. ती गावी असते वाईजवळ, थोरल्या काकांकडे, आणि वर्षातून दोन-तीनदा एसटीने स्वारगेटला येते. नऊवारी लुगडं, एक कापडी पिशवी आणि पिशवीत मिश्रीची डबी. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, आजी सकाळ-संध्याकाळ दाताला लावते, आई तिला सोडा म्हणून सांगून थकली. तो जळका कडू वास लिफ्टच्या फटीतून सगळ्यात आधी वर येतो, मग आजी येते.

पहिल्यांदा आली ती २०२२ च्या दिवाळीला. मी पाच-सहा महिन्यांची. दार उघडलं, मी पळत गेले, आणि आजी जी ओरडली! पिशवी खाली पडली, ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तिच्या अंगातून असा वास आला की मी जागच्या जागी बसले. भीतीचा वास मला माहिती होता पण एवढा जुना कधी हुंगला नव्हता.

"अरं हे काय आनलंस घरात! बांध तिला आदी! बांध म्हंते ना!"

बाबांनी मला गॅलरीत बांधलं. आठ दिवस मी दिवसभर गॅलरीत आणि आजी हॉलमध्ये, मध्ये काचेचं सरकतं दार. मला राग नाही आला, खरंच नाही. मी काचेला नाक लावून बसायचे आणि ती माझ्याकडे पाठ करून बसायची. रात्री आजी झोपायला गेली की ताई येऊन माझ्याजवळ गॅलरीत बसायची, स्वेटर घालून.

त्यात दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री खाली माळा सुरू झाल्या. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि मला ४५ हजारांच्या आसपासपर्यंत, म्हणजे तुम्हाला जो फक्त धडाम असतो त्याच्या आत मला अजून आवाज असतात, शिट्ट्या असतात, आणि पळायचं कुठे ते कळत नाही. आईने मला बाथरूममध्ये नेलं, दार लावलं, एक्झॉस्ट फॅन लावला, बादलीत नळ सोडला म्हणजे पाण्याच्या आवाजात बाकीचं बुडेल. मी कमोडच्या मागे शिरले आणि थरथरत होते. तेव्हा दाराबाहेरून आजीचा आवाज आला, लांबून, पण माझ्याबद्दलच.

"त्या कुत्रीला पाणी ठेवलंया का कुनी? जीव हाय त्यो बी."

बस एवढंच. पण आई नंतर म्हणाली की खारे, ऐकलंस ना.

भाऊबीज आली. आत्या आली, बाबांना ओवाळलं, ताईने दादाला ओवाळलं, लाडू-चकल्यांची ताटं, मी काचेतून बघत होते. मग अंधार पडता पडता आजी उठली. हातात ताट, निरांजन, हळदकुंकू. आणि काचेच्या दारापाशी आली. ज्या बाईला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचं असतं, आणि आमच्या घरात चंद्र दिसतो फक्त गॅलरीतून, चांदणी चौकाच्या बाजूला, आणि भाऊबिजेची कोर तर नखाएवढी असते, सूर्य गेला की पाठोपाठ तीही जाते. थांबून चालत नाही. मी गॅलरीत.

बाबा म्हणाले थांब मी हिला आत घेतो. आजी म्हणाली, "नगं. उशीर हुतोय." आणि तिने दार सरकवलं.

मी हलले नाही. शेपूट पण नाही हलवली, सगळं अंग आवळून बसले. निरांजनाचा तुपाचा वास, लुगड्याला डांबरगोळ्यांचा वास (लुगडं हिरवं आहे म्हणतात, मला ते मळकट पिवळसर दिसतं, कुत्र्याला निळा आणि पिवळा सोडला तर बाकीचे रंग असेच दिसतात), आणि त्या सगळ्याखाली तोच जुना भीतीचा वास. ताट हलत होतं तिच्या हातात. कोरीला ओवाळलं, सुपारी फिरवली, अक्षता टाकल्या, दोन अक्षता माझ्या पाठीवर पडल्या. मग ती तिथेच उंबऱ्यावर खाली बसली आणि ताई तिच्याजवळ बसली आणि तेव्हा तिने पहिल्यांदा सांगितलं.

आजीचं माहेर तासगावकडचं. तिला एक धाकटा भाऊ होता, नऊ वर्षांचा. शाळेतून येताना पोटरीला कुत्रं चावलं. घरच्यांनी जखमेत चुना आणि तिखट भरलं, एका भगताकडे नेऊन दोरा बांधला. दवाखान्यात नेलं नाही, कारण तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायला लागायची आणि सगळ्या गावाला त्याचीच धास्ती. जखम भरून पण आली. दीड महिन्याने पोरगं पाणी पिईना. तांब्या समोर आणला की घशात आवळून यायचं त्याला. "तान लागलेली असायची गं त्याला," आजी म्हणाली, "आन् पानी दाखवलं की किंकाळ्या फोडायचा." तिसऱ्या दिवशी गेला. आजी तेव्हा बारा वर्षांची होती.

कोणी काही बोललं नाही. मी पण नाही. खाली कोणीतरी भुईचक्र लावलं होतं.

मग ताई उठली आणि माझं लसीचं पुस्तक घेऊन आली. निळं, छोटं, आत तारखा आणि बाटलीवरची स्टिकरं चिकटवलेली. ती आजीला एकेक सांगायला लागली, हे बघ आजी, हे रेबीजचं, तीन महिन्यांची झाल्यावर दिलं, दर वर्षी द्यायचं. आजीने पुस्तक डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, तिला दिसेना, म्हणाली तूच वाच. ताईने तारीख वाचली. "परत वाच." परत वाचली. असं तीनदा. मग ताईने तिला पाश्चरचं सांगितलं, पॅरिसमध्ये ६ जुलै १८८५ ला त्याने पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या पोराला पहिल्यांदा लस दिली आणि तो पोरगा वाचला, नऊ वर्षांचाच होता. आजी म्हणाली, "किती साली म्हनलीस?" अठराशे पंच्याऐंशी. ती बोटं मोजत राहिली बराच वेळ. तिचा भाऊ त्याच्यानंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी गेलेला.

(ताई म्हणतेय इथे हे लिहायलाच पाहिजे म्हणून लिहिते. कुठलंही कुत्रं चावलं, अगदी घरचं असलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायची, तिखट-चुना-हळद काही भरायचं नाही, आणि तडक दवाखाना. आता पोटात देत नाहीत, दंडावर देतात, चार-पाच वेळा जायचं. पण एकदा लक्षणं दिसायला लागली की मग इलाज नाही. त्या पोरासाठी तरी लक्षात ठेवा.)

त्यानंतर आजी बदलली वगैरे असं काही लगेच झालं नाही. हात तिने लावला नाहीच. फक्त मी गॅलरीतून आत आले, हॉलच्या कोपऱ्यात, बांधलेली. आणि गावी गेल्यावर दर फोनला एक वाक्य वाढलं, "हिची सुई चुकवू नका रं."

मग २०२३ चा श्रावण, आमच्याकडे सत्यनारायण. आजी आलेली, येताना तासगावच्या भाच्याकडून आलेले बेदाणे घेऊन आली, अडीच किलो, तिकडचे बेदाणे म्हणजे काय विचारू नका, लांब आणि टपोरे. प्रसादाच्या शिऱ्यात भरपूर पडले. चाळीस-पन्नास माणसं आली. त्या दिवशी मला आत बेडरूममध्ये ठेवलं होतं, पण कोणीतरी पर्स ठेवायला दार उघडलं आणि एका काकांनी अगदी प्रेमाने मला दोन द्रोण शिरा घातला. त्यांची चूक नाही, त्यांना माहिती नव्हतं, आणि शिरा तर मला असा आवडला की द्रोण पण चाटून फाडले. ताई आली, द्रोण बघितले आणि पांढरी पडली. बेदाणे-मनुका-द्राक्षं कुत्र्याची किडनी बंद पाडू शकतात, चॉकलेट आणि कांदा-लसूण पण विषारी, हे तिने आधी वाचलेलं होतं. साडी नेसलेली तशीच मला उचलून खाली धावली, दोन रिक्षावाल्यांनी कुत्रं नाही म्हणून सांगितलं, तिसरे थांबले, त्यांनी मीटर पण टाकला नाही.

डॉक्टरांनी ओकारी काढली. त्याचा वास सांगत नाही. मग दोन दिवस सलाइन, पुढच्या पायाचे केस भादरून, आणि किडनीची रक्ततपासणी परत परत. लवकर आणलंत म्हणून, असं डॉक्टर म्हणाले. सलाइन चालू असताना ताई माझा कान धरून बसायची, कानाच्या मुळाशी, तिथे धरलं की मला बरं वाटतं.

घरी आले तर आजी दारातच. तिला कोणीतरी सांगितलं होतं कशाने झालं. म्हणाली, "आमच्याकडं बागंत कुत्री द्राक्षाखालीच पडून असत्यात की गं, काय हुत न्हाई त्यास्नी." ताईने सांगितलं की काहींना नाही होत, काहींना थोड्यानेही होतं, कोणाला होईल ते आधी कळत नाही म्हणून द्यायचंच नाही. आजीने मान हलवली. संध्याकाळी उरलेल्या बेदाण्यांचा डबा तिने स्वतः उचलला आणि खालच्या मजल्यावर देऊन आली, आणि शिरा तिला एवढा आवडतो पण त्यानंतर आमच्या घरात शिऱ्यात वेलची असते, बाकी काही नाही.

मोतीबिंदू २०२४ च्या थंडीत. दोन्ही डोळे, आधी उजवा, महिन्याने डावा. आजी दीड महिना सलग राहिली, एवढी कधी राहिली नव्हती. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, वाकायचं नाही, डोळ्यावर पाणी जाऊ द्यायचं नाही, रात्री डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी चिकटपट्टीने लावायची. बाबांनी मला सक्त सांगितलं होतं उडी मारायची नाही. मी मारली नाही. तोपर्यंत मला बांधायचं बंद झालं होतं, रात्री मी पॅसेजमध्ये झोपायचे, आजीच्या खोलीच्या दाराबाहेर, कारण तिथे फरशी गार नसते, आणि कारण मिश्रीचा वास आता मला झोपेचा वास वाटायला लागला होता.

उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची दुसरी रात्र. आजी उठली बाथरूमला जायला, दिवा लावला नाही तिने, ताईची झोप मोडेल म्हणून, चाचपडत निघाली आणि तिचं पाऊल माझ्या पोटाला लागलं. ती थांबली. मी पण थांबले, म्हणजे श्वास पण थांबवला. तिचे तळपाय भेगाळलेले आहेत, त्यांना शेताचा वास अजून आहे, इतक्या वर्षांनी. मला वाटलं आता ओरडेल. वास आला भीतीचा, आला हो, नाही असं नाही. पण पाऊल उचललं नाही तिने.

"तू हाईस व्हय गं," ती हळू म्हणाली.

मी उठले, अगदी हळू, आणि बाथरूमच्या दिशेने दोन पावलं चालले. ती माझ्या पाठीवर हात ठेवून आली. आधी बोटांची टोकं, मग सगळा तळवा. पॅसेज आमचा बारा पावलांचा आहे, मी एकेक पाऊल टाकून थांबत होते. ती बाहेर येईपर्यंत मी दाराशी बसले, परत तसंच पलंगापर्यंत. सकाळी हे कोणाला कळलं नाही, आजीने सांगितलं नाही. पण त्या रात्रीपासून रोज. आणि रोज सकाळी आईने भाकरी टाकली की पहिल्या भाकरीचा पापुद्रा आजी सोलून बाजूला ठेवायला लागली, गार व्हायला.

त्याच मुक्कामात तिची एक नात्यातली जाऊ भेटायला आली होती, लांबून, पेढे घेऊन. आत आल्या आल्या म्हणाली अगं बाई कुत्रं, कोंडा तिला आधी आत. आई उठलीच मला न्यायला, आमच्याकडे घाबरणारं कोणी असेल तर नेतातच, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. पण आजी पलंगावरूनच बोलली, काळा चष्मा लावून बसली होती.

"ती हितंच बसंल. तुमी खुर्ची जरा तिकडं सरकून घ्या. तिला सुई दिल्याली हाय, मी समदं वाचून घेतलंय."

आणि मग त्या बाईला पण तिने भावाचं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्या दोघी बराच वेळ बोलत होत्या. जाताना त्या बाईने माझ्यासमोर पेढा धरला, हात लांब करून. आजीने तो मधेच घेतला आणि हुंगून बघितला, त्यात काय काय आहे ते.

आता परवाची गोष्ट. सप्टेंबर, माझी सुई. तिकडे २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, पाश्चर गेला तो दिवस, म्हणून ताईने तेव्हाचीच तारीख धरलेली असते, लक्षात राहते म्हणून. ती आजीला फोनवर हे बोलली आणि दोन दिवसांनी लिफ्टच्या फटीतून मिश्रीचा वास. ना सण ना काही. एसटीने एकटी आली, खंबाटकीच्या बोगद्यातून, गुडघे दुखत असताना. म्हणाली, "मला बघायचंय कसं देत्यात."

दवाखान्यात मला नाही आवडत. दारातच स्पिरिटचा आणि बाकीच्या कुत्र्यांच्या भीतीचा वास असतो आणि ते स्टीलचं टेबल पायाला गार लागतं, तळव्यांना घाम सुटतो माझ्या, पंजे सरकतात. ताई नेहमीसारखी माझा कान धरायला पुढे झाली तर आजी म्हणाली सर. आणि ती टेबलाजवळ आली. भोवती तीन कुत्री होती, एक मोठं काळं, ते सारखं भुंकत होतं, आणि आजीच्या कपाळाला घाम आला होता, मला सगळं कळत होतं. तिने पदर खोचला. एक हात माझ्या मानेखालून घेतला आणि दुसऱ्याने कान धरला, मुळाशी नाही, टोकाला, जरा जोरातच. डॉक्टरांनी मानेमागची कातडी चिमटीत धरली. मी तिच्या काखेत नाक घातलं, डांबरगोळ्या, मिश्री, घाम. तिचं काळीज इतकं जोरात चाललेलं की माझ्या नाकावर ठोके पडत होते.

"झालं आजी," डॉक्टर म्हणाले.

"झालं? एकच?"

"एकच."

तिने मला सोडलं नाही लगेच. डॉक्टरांनी बाटलीवरचं स्टिकर काढून पुस्तकात चिकटवलं, सही केली, तारीख घातली. ताईने पुस्तकाला हात केला, वाचून दाखवायला. आजीने ते स्वतःकडे घेतलं, ट्यूबलाइटच्या उजेडाकडे धरलं आणि एकेक आकड्यावर बोट ठेवत मोठ्याने वाचलं, दिवस, महिना, दोन हजार पंचवीस. खाली पुढच्या वर्षीची तारीख होती ती पण वाचली. मग पुस्तक मिटून तिने पिशवीत टाकलं, मिश्रीच्या डबीशेजारी.

दुसऱ्या दिवशी बाबा तिला स्वारगेटला सोडून आले. रात्री त्यांच्या लक्षात आलं की महापालिकेचा माझा परवाना रिन्यू करायचाय आणि त्याला लसीची नोंद लागते. सगळीकडे शोधलं, ड्रॉवर, कपाट, टीव्हीखाली. मग फोन लावला. स्पीकरवर होता.

"आई, खारीचं पुस्तक तुझ्याकडे गेलंय का?"

"माझ्याकडंच हाय. दिवाळीला येताना आनते."

"अगं काकांना फोटो काढून पाठवायला सांग ना तोवर."

"फोटो काढ म्हनावं. पुस्तक मीच आनते."